सांडपाणी थांबलं, तळं हिरवंच राहिलं

दक्षिण स्वीडनमधल्या वेक्शो शहराला लागून त्रुम्मेन नावाचं तळं आहे. पसारा साधारण एक चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागीही पाणी जेमतेम 2 मीटर. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्यात जात होतं. 1950च्या दशकाच्या शेवटी ते वळवलं गेलं, तेव्हा पाणी आता निवळेल अशीच अपेक्षा होती. दहा वर्षं लोटली, तरी दर उन्हाळ्यात पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाची दाट साय धरतच होती.

याचं कारण एका इंग्रज शास्त्रज्ञाने आधीच दाखवलं होतं. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांचा गाळ तपासून 1941-42 मध्ये निष्कर्ष मांडले. तळाशी प्राणवायू आहे तोवर गाळातलं लोह फॉस्फेटला, म्हणजे शेवाळाला पोसणाऱ्या फॉस्फरसच्या संयुगाला, धरून ठेवतं. प्राणवायू संपला की लोहाचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि धरलेलं फॉस्फेट पाण्यात सुटतं. त्यावर शेवाळ पोसतं, मरून तळाशी बसतं, कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं, आणि गाळ आणखी फॉस्फेट सोडतो. शेवाळाला लागणारं दुसरं पोषकद्रव्य, नायट्रोजन, निदान वायू होऊन हवेत निसटतं. फॉस्फरसला ती वाट नाही. तो वाहत्या पाण्याबरोबर बाहेर जातो, नाहीतर गाळातच साठून राहतो.

हे माहीत असूनही सांडपाणी वळवलं की काम झालं, असं वाटणं अगदीच चुकीचं नव्हतं. अमेरिकेत सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमधून 1963 ते 1968 दरम्यान सांडपाणी टप्प्याटप्प्याने काढलं, आणि ते पाणी काही वर्षांतच स्वच्छ झालं. पण ते सरोवर 60 मीटरहून खोल आहे. उथळ तळ्यात गाळ आणि शेवाळ यांच्यात अंतरच उरत नाही, शिवाय वारा तळ ढवळतो.

त्रुम्मेनवर लुंड विद्यापीठाचे स्वेन ब्योर्क आणि त्यांचे सहकारी आधी गाळाकडे वळले. वरचा काळा थर सांडपाण्याच्या काळातला होता आणि फॉस्फरस सोडत होता. खालचा जुना तपकिरी गाळ फारसा सोडत नव्हता. किती खोल उपसायचं ते त्यावरून ठरलं. 1970 आणि 1971 अशा दोन हंगामांत दर वेळी सुमारे अर्धा मीटर गाळ शोषून काढला. गाळातून निथळलेल्या पाण्यातला फॉस्फरस काढूनच ते तळ्यात परत सोडलं, आणि वाळलेला गाळ शहरातल्या बागांना गेला. पाण्यातला फॉस्फरस झपाट्याने उतरला, शेवाळाची साय गेली.

महाराष्ट्रातही 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात जातो. तिथे हिशेब साठवणक्षमतेचा आणि जमिनीच्या पोताचा असतो. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून पोटात घेणाऱ्या उजनीसारख्या जलाशयात मात्र गाळाच्या कोणत्या थरात किती फॉस्फरस आहे, हा प्रश्न मला त्याहून आधीचा वाटतो.