‘हो हो, हा हा हा’च्या आधी

१३ मार्च १९९५ रोजी सकाळी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत, पहिला हास्यक्लब सुरू केला तेव्हा अवघी पाच माणसं होती. रीत सोपी होती: गोल करून उभं राहायचं, एकाने मधे येऊन विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. दोनेक आठवड्यांत विनोद संपले. उरले ते शिळे, चावट किंवा कुणाला तरी टोचणारे. क्लब मोडायची वेळ आली, तेव्हा कटारियांनी विनोद काढून टाकले आणि हसणं तेवढं ठेवलं. टाळ्यांच्या ठेक्यावरचं ‘हो हो, हा हा हा’ ही त्या बदलाचीच पुढची पायरी.

विनोद वजा केला तरी हसू उरतं, हे शास्त्राच्या ध्यानात यायला मात्र फार वेळ लागला. तत्त्वज्ञ हॉब्जला हसण्यात दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ असल्याचा आनंद दिसला, तत्त्वज्ञ कांटला ताणलेली अपेक्षा फुस्स होण्यातली गंमत. ‘कशाला हसतो’ एवढाच दोघांचा प्रश्न. हसताना शरीर काय करतं, हे आपल्याकडच्या नाट्यशास्त्राने कितीतरी आधी नीट टिपलं होतं, कारण ते नटाला करून दाखवायचं होतं. सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार आहेत. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. हसितात दात थोडे दिसतात. विहसिताला गोड आवाज असतो. उपहसितात नाकपुड्या फुगतात, खांदे आणि मान झुकते. अपहसितात डोळ्यांत पाणी येतं, खांदे आणि डोकं हलतं. अतिहसितात माणूस दोन्ही हातांनी कुशी आवळून धरतो. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. ही प्रतवारी आज पटणार नाही, पण निरीक्षण अचूक आहे.

युरोपात शरीराकडे नजर वळवली ती द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने. चेहऱ्याची संवेदना गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या स्नायूंना विजेचा प्रवाह देऊन त्याने छायाचित्रं घेतली आणि १८६२ मध्ये ती छापली. गालाचा मोठा स्नायू ओठांचे कोपरे वर खेचतो आणि तो आपल्या मनावर चालतो. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू मात्र आनंद झाल्याशिवाय बहुधा साथ देत नाही. पुढे डार्विनने, फक्त गाल विजेने खेचलेला म्हाताऱ्याचा फोटो २४ जणांना दाखवला. तिघांना तो चेहरा काय सांगतोय हे कळलंच नाही. बाकीच्यांना हसण्याचा प्रकार वाटला, पण ‘हसायचा प्रयत्न करतोय’ अशा धर्तीची उत्तरं त्यांनी दिली.

मुद्दाम हसणं आणि आपोआप हसू येणं, हे दोन मार्ग मेंदूविकारात वेगळे पडलेले दिसतात. मेंदूच्या हालचाली चालवणाऱ्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना ‘हसून दाखवा’ म्हटलं तर ओठाची एक बाजू हलत नाही. पण खरोखर हसू आलं की दोन्ही बाजू सारख्या वर जातात. काहींचं बरोबर उलटं होतं.

विनोदाची मक्तेदारी मोडली ती रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. प्रयोगशाळेत विनोदी चित्रफीत लावून माणसं फारशी हसत नाहीत, म्हणून तो आणि त्याचे विद्यार्थी दुकानांत, रस्त्यांवर, कॉलेजच्या आवारात लोकांचं बोलणं ऐकत फिरले. १,२०० प्रसंग नोंदले. विनोद म्हणता येईल असं काही हसण्याआधी बोललं गेलं होतं ते फक्त १० ते २० टक्के वेळा. बाकी वाक्यं ‘बरं, निघतो मी’ अशा जातीची. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच सुमारे ४६ टक्के जास्त हसत होता, आणि हसू बहुधा वाक्य संपल्यावर, विरामचिन्हासारखं येत होतं. एकट्यापेक्षा माणसांत आपण ३० पटींनी जास्त हसतो, हाही त्याचाच हिशेब.

आवाजही त्याने मोजला. एक ‘हा’ साधारण ७५ मिलिसेकंदांचा, आणि एका ‘हा’च्या सुरुवातीपासून पुढच्यापर्यंत सुमारे २१० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जवळपास पाच. नैसर्गिक हसू ‘हा-हा-हा’ किंवा ‘हो-हो-हो’ असं एकाच स्वरावर चालतं, असं त्याचं निरीक्षण होतं. त्या हिशेबाने क्लबातलं ‘हो हो, हा हा हा’ हे हसूच नव्हे, ती श्वासाची कवायत आहे. आणि कवायत म्हणून ती उत्तम आहे. हसताना उच्छ्वासाचे तुकडे पडतात आणि छातीतली हवा भराभर बाहेर जाते. २००१ च्या एका इटालियन मोजणीत जोरदार हसण्याने फुप्फुसांतली हवा सरासरी दीड लिटरने कमी झाली. म्हणूनच दोन हास्यप्रकारांच्या मधे दीर्घ श्वास घ्यायला लावतात.

सत्र २० ते ३० मिनिटांचं असतं. टाळ्या, श्वास, मग नमस्ते-हास्य, जीभ बाहेर काढून सिंहहास्य, तोंड उघडून पण आवाज न करता मूक हास्य, प्रत्येकी ३० ते ४५ सेकंद. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आकाशाकडे बघत हसणं. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं तरच ओढूनताणून सुरू केलेलं हसू खऱ्याकडे सरकतं, कारण हसण्याची लागण माणसाकडून माणसाला होते. दुसरी चूक घशातून ओरडण्याची. त्याने आवाज बसतो. जोर पोटाचा हवा.

‘शरीराला खरं-खोटं हसू कळत नाही’ हे क्लबांमधलं आवडतं वाक्य मात्र सोडून द्यावं. लंडनच्या मेंदूशास्त्रज्ञ सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा मुद्दाम काढलेलं हसू ऐकताना समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेणारे भाग जास्त कामाला लागलेले दिसले. पेन दातांत धरून चेहरा हसरा केला की व्यंगचित्रं जास्त गमतीदार वाटतात, हा १९८८ चा गाजलेला प्रयोगही २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी करून पाहिला, तेव्हा उभा राहिला नाही. त्या मानाने ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाचा निष्कर्ष भक्कम वाटतो: इतरांसोबत पोटभर हसल्यानंतर वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. नुसतं बरं वाटल्याने तसं होत नाही, हसण्याची अंगमेहनत व्हावी लागते.

जोरात हसताना पोटात बराच दाब तयार होतो, म्हणूनच हर्निया, वाढलेली मूळव्याध, अंग बाहेर येण्याचा त्रास, छातीत दुखणारा हृदयविकार किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. दमेकऱ्यांना जोरात हसल्याने उबळ येऊ शकते, तेव्हा इनहेलर खिशात ठेवावा. हसताना लघवीचे थेंब जात असतील तर लाजून क्लब सोडू नये. ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामाने त्यात बराच फरक पडतो. हसता हसता एकाएकी गुडघे लुळे पडत असतील, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं.