अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सामाजिक जबाबदारी : सातारा-सांगलीच्या संदर्भात

आपले मत बोलून, लिहून, छापून किंवा रंगमंचावरून मांडण्याचा हक्क आणि ते मांडताना कोणाच्या जिवाला, अब्रूला वा गावाच्या स्वास्थ्याला धक्का लागू नये म्हणून घ्यायची काळजी, या दोहोंचा मेळ. ही काळजी बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही असते. भारतीय संविधानात हा हक्क अनुच्छेद १९(१)(क) मध्ये आहे, तर त्यावरील ‘वाजवी निर्बंधां’ची आठ कारणे १९(२) मध्ये दिली आहेत. त्यांतील सार्वजनिक सुव्यवस्था व गुन्ह्यास चिथावणी ही कारणे, तसेच ‘वाजवी’ हा शब्दही, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. एखाद्याला राग आला, वाईट वाटले, हे कारण या आठांत नाही. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच बजावले : मताची चर्चा किंवा पुरस्कार कितीही अप्रिय असला तरी त्याला संरक्षण आहे, निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपाशी सुरू होतो.

या प्रश्नाचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण कराडजवळच्या टेंभूचे आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म तेथे १८५६ मध्ये झाला. ते ‘केसरी’चे संपादक असताना, कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण महाराजांचा छळ करतात, असा मजकूर पत्रांच्या आधारे छापला गेला. पत्रे बनावट निघाली. आगरकर व टिळकांनी न्यायालयात दिलगिरी व्यक्त केली, तरी शिक्षा चार महिन्यांची झाली आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू चांगला होता, पण शहानिशा कमी पडली. हे प्रकरण लपवण्यासारखे नाही, उलट पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगावे असे आहे. कारण पुढे हेच आगरकर गप्प बसले नाहीत. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. बालविवाह, केशवपन, रूढी यांवर सडेतोड लिहिले, तेही उघडपणे, आपल्या नावाची जोखीम पत्करून. चिडलेल्या सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांचे लिखाण अनेकांना झोंबले, पण त्याने कोणावर हात उगारायला कोणाला सांगितले नाही.

सांगलीत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जेथे पहिला मराठी नाट्यप्रयोग केला, त्याच गावचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातील उन्मत्त कीचकात प्रेक्षकांनी व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. शांततेची सबब सत्ताधाऱ्याच्या हाती किती लांब ताणता येते, हे तेव्हापासून लोकांना ठाऊक आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. चमत्काराचे दावे तपासायचे, पण कोणाच्या श्रद्धेची टवाळी करायची नाही, ही त्यांच्या कामाची रीत होती. त्यांनी ज्याचा आग्रह वर्षानुवर्षे धरला तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, आणि त्यात यात्रा, हरिपाठ, कीर्तन, भजन ही कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे स्पष्ट नमूद आहे. इतक्या काळजीने बोलणाऱ्या माणसालाही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. जबाबदारी फक्त बोलणाऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्यांनी ही तारीख डोळ्यांआड करू नये.

आजचा पेच निनावी मजकुराचा आहे. वर्तमानपत्राच्या पानावर तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक व संपादकाचे नाव असते. चुकले तर कोणाच्या दारात जायचे ते त्यावरून कळते. फॉरवर्डवर मात्र फक्त ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ एवढाच शिक्का असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा सर्वत्र फिरत होत्या. जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशचे चार साधू पंढरपूरला निघाले होते, त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. तेवढ्यावरून संशय घेऊन लोकांनी त्यांना काठ्यांनी बदडले. साधू खरेच साधू आहेत, हे चौकशीत नंतर उघड झाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, खटाव तालुक्यातील पुसेसावळीत महापुरुषांविषयीच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव चालून गेला, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातले इंटरनेट बंद करावे लागले. पोस्ट कोणी टाकली हे शोधणे पोलिसांचे काम आणि शिक्षा देणे न्यायालयाचे. जमावाने दोन्ही कामे एका रात्रीत स्वतःकडे घेतली.

सणांच्या तोंडावर पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका होतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनना नोटिसा जातात. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला, दोघांचा समान हेतू असल्याखेरीज, गुन्हेगार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. तो सर्वांपर्यंत पोहोचलेला नाही. नोटीस हातात पडली की घाबरलेला अ‍ॅडमिन ग्रुप ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ करून टाकतो, आणि अफवेबरोबर कॅनॉलला पाणी कधी सुटणार, गल्लीतला दिवा का बंद आहे, हे विचारणेही थांबते.