गोवर गेला म्हणतात, पण काही बाळांच्या मेंदूत राहतो

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाला गोवर आला की आजी दाराला कडुनिंबाचा पाला लावायची, घरात फोडणी बंद, कुणी विचारलं तर "बाई आलीये" एवढंच सांगायचं. पुरळ सुकलं की विषय संपला. पण तो प्रत्येक वेळी संपत नाही आणि हे कित्येक आईबापांना अजून माहीतच नाहीये.

हजारातल्या एखाद्या मुलाला गोवरात तेव्हाच मेंदूज्वर होतो, तो निदान दिसतो तरी. एसएसपीई, म्हणजे गोवराच्याच विषाणूनं पुढे कित्येक वर्षांनी होणारा मेंदूचा आजार, त्याहून वाईट. विषाणू मेंदूत गप्प बसून राहतो आणि साधारण सहा ते दहा वर्षांनी डोकं वर काढतो. चांगलं शाळेत जाणारं पोर मागं पडायला लागतं, अक्षर बिघडतं, वरणभात खाताना झटका बसतो नि चमचा हातातून उडतो, घरच्यांना वाटतं मुद्दाम करतंय, मग ओरडा खातं बिचारं. पुढे चालणं जातं, बोलणं जातं. पूर्ण बरं करणारं औषध आजही नाही.

डॉसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९३३ मध्ये असा मेंदू तपासून लिहून ठेवलं होतं, पण पेशंटच्या मेंदूतून गोवराचा विषाणू प्रत्यक्ष वेगळा काढायला १९६९ उजाडलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या केसेस तपासल्या तर पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्यांत १,३६७ मुलांमागे एकाला एसएसपीई, आणि वर्षाच्या आत झालेल्यांत ६०९ मागे एकाला! म्हणजे जेवढं बाळ लहान तेवढा धोका जास्त.

आणि आपल्याकडे १९८५ पासून सरकारी लस मिळते ती नवव्या महिन्यात, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडीज त्याआधी लस नीट लागू देत नाहीत. तोवर बाळाची ढाल म्हणजे आजूबाजूच्या पोरांनी घेतलेली लस. कोविडमध्ये नेमक्या त्याच लसी राहून गेल्या आणि २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीत गोवर पेटला, कस्तुरबा हॉस्पिटलात बाळं अॅडमिट झाली, शेवटी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरलं.

तेव्हा गोवर झालेल्या बाळांची ती सहा वर्षं २०२८ ला भरतात. घरात असं मूल असेल आणि हातातून वस्तू पडायला लागल्या तर रागावू नका, मेंदूच्या डॉक्टरकडे न्या आणि लहानपणी गोवर झाला होता हे आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.