लवंगेच्या वासाचं करंट आणि आमच्या संत्र्याचा ताण

माझी भाची नेब्रास्कात राहते, अमेरिकेच्या अगदी मधोमध, जिकडे नजर जाईल तिथवर मका नाहीतर सोयाबीन. मागच्या एप्रिलच्या शेवटी तिनं घरामागच्या एका झुडपाचा फोटो टाकला, पानं अजून नीट फुटलेली नाहीत आणि फांद्या पिवळ्याधम्मक फुलांनी लगडलेल्या. खाली लिहिलं होतं, "मामा, याला लवंगेसारखा वास येतो, संध्याकाळी सगळं अंगण भरून जातं, तुम्ही काटोलला बांधावर लावा ना!" काटोल म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथं आमची संत्र्याची बाग. झाडाचं नाव तिनं सांगितलं क्लोव्ह करंट, म्हणजे लवंग करंट. बाबांना दाखवलं तर ते म्हणे, "करंट? झटका बसते काय त्याले?"

बाबांचं जाऊ द्या, आपल्याकडे करंट या शब्दाचा घोळच आहे. आईस्क्रीमच्या दुकानात ब्लॅक करंट मिळतं, किराणा दुकानात काळे मनुके ब्लॅक करंट म्हणून विकतात, आणि दोन्ही एकच असं लोकांना वाटतं. मनुका म्हणजे वाळलेलं द्राक्ष. युरोपात ग्रीसच्या कोरिंथ बंदरावरून बारीक मनुके यायचे, त्या कोरिंथचं बोलता बोलता करंट झालं, आणि पुढे तसल्याच दिसणाऱ्या बारीक फळांच्या एका वेगळ्याच झुडपालाही लोक तेच नाव लावून मोकळे झाले. हे झुडूप रायबीज कुळातलं, द्राक्षाशी नातं नाही. आईस्क्रीमवालं काळं करंट या कुळातलंच, आणि भाचीचं लवंगवालं त्याचं चुलत भावंड.

हे लवंग करंट मूळचं तिथल्याच मधल्या मैदानांचं, वर मिनेसोटा-दक्षिण डाकोटापासून खाली टेक्सासपर्यंत. सहा ते आठ फूट वाढतं, काटे नाहीत, बुडातून नवे फुटवे काढत पसरतं. फुलाची नळी लांब असते म्हणून भुंग्यांच्या राण्या आणि हमिंगबर्ड यांची त्यावर चंगळ, आणि फूल जुनं झालं की मधल्या छोट्या पाकळ्या लालसर होतात. फळं उन्हाळ्यात काळी होतात, जॅमला चांगली. क्रँडॉल नावाची त्याची एक जात कॅन्ससमधून 1888 साली बाजारात आली आणि अजून नर्सऱ्यांत मिळते. लावायलाही सोपं, पूर्ण ऊन किंवा अर्धी सावली, दोन झाडांत पाचेक फूट अंतर, कटिंगनंही लागतं. एकच गोष्ट सांभाळायची, छाटणी फुलं संपल्या संपल्या करायची कारण पुढच्या वर्षीची फुलं यंदाच्या लाकडावर येतात, हिवाळ्यात कात्री चालवली की वसंतातली फुलं गेली समजा.

आता खरी गंमत. हे झाड चिकणमाती सहन करतं, चुनखडीची जमीन चालते, पाण्याचा ताण सोसतं. म्हणजे आमची काळी जमीन, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि जिच्यात निम्मी विलायती झाडं मान टाकतात, तीसुद्धा याला चालून जाईल! मग अडतं कुठं? मला वाटलं मे महिन्यात अडत असेल, नागपूरला 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदलेत, त्यात कोण टिकेल. पण त्याच्या आधीच अडतं, आमच्या हिवाळ्यात.

थंड मुलखातल्या झाडांना एक मोठा धोका असतो. डिसेंबरात चार दिवस ऊब पडली, झाडाला वाटलं वसंत आला, कळ्या उघडल्या, आणि पाठोपाठ बर्फ. तेवढ्यात वर्षाचं सगळं भांडवल जळून जातं. म्हणून दिवस लहान व्हायला लागले की ही झाडं कळ्यांना कुलूप लावतात आणि किल्ली देतात थंडीच्या हातात. किती थंडी, तर साधारण 7 अंशांच्या खालचे तास मोजायचे, आणि करंट कुळाला असे 800 ते 1500 तास लागतात असं धरतात. तेवढे भरले की मगच उबेला प्रतिसाद.

झाड तास मोजतं कसं, हे वाचताना मी चहा थंड केला. पेशींच्या भिंतींना बारीक छिद्रं असतात, त्यातून एका पेशीचा निरोप दुसरीकडे जातो. पॉप्लर आणि बर्चसारख्या झाडांवर पाहिलंय की झोपेच्या काळात या छिद्रांत कॅलोज नावाच्या साखरेच्या साखळीचा बोळा बसतो, वाढीचा निरोप कोंबापर्यंत पोचतच नाही, आणि थंडीत हळूहळू असे एन्झाइम तयार होतात जे तो बोळा विरघळवतात. जनुकांच्या पातळीवरही तसंच काही. मेक्सिकोत पीचचं एक झाड सापडलं जे झोपतच नाही, वर्षभर शेंडे वाढवत राहतं, तपासलं तर त्याच्यातून डॅम नावाच्या जनुकांचा अख्खा तुकडाच गायब होता. नेहमीच्या पीचमध्ये ही जनुकं कळीला झोपवून ठेवतात आणि लांबलेली थंडी त्यांचा आवाज हळूहळू बंद करते.

बरं, नागपूरलाही थंडी पडते की, 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंश होतं, आमच्या शेतात तर गवतावरचं दव गोठलं होतं. पण तो विक्रम आहे, दरसालचा हिशेब नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी 12-13 च्या आसपास असतं, पहाटे दोन-चार तास कधी 7-8 वर येतं, आणि दुपारी पुन्हा 28. ही दुपारच जास्त नडते. 1974 साली अमेरिकेतल्या यूटामध्ये पीचसाठी तासांचा जो हिशेब मांडला त्यात थंड तासाला एक गुण मिळतो पण 16 अंशांच्या वर गेलं की गुण कापले जातात. म्हणजे रात्री पतसंस्थेत पैसे टाकायचे आणि दुपारी काढून खायचे, मार्चअखेर पासबुकात शिल्लक काय? शून्य! मग करंट एप्रिलमध्ये अर्धवट जागं होतं, एका फांदीला पानं, दुसरी काडीसारखी, फुलं तुरळक, आणि तेवढ्यात आमचा उन्हाळा पेटतो.

एक चावट कल्पना डोक्यात आली होती. हजार तास म्हणजे जेमतेम बेचाळीस दिवस, कुंडीतलं झुडूप कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं तर? तत्त्वतः कुलूप उघडेल, ट्यूलिपचे कांदे लोक असेच फ्रीजमध्ये ठेवून फुलवतात. पण एका लवंगेच्या वासापायी दीड महिना भाडं भरायचं असं बाबांना सांगायची माझी हिंमत नाही. सफरचंदात इस्राएलची ॲना ही जात थोड्या थंडीवर भागवते, म्हणून सफरचंद आता मैदानातही लावतात. करंटमध्ये तसलं काही आमच्या नर्सरीत तरी दिसलं नाही.

हे सगळं बाबांना सांगितलं तर ते हसले. "आपला संत्रा काय करते मंग?" आणि खरंच की, आमच्या बागेत दर डिसेंबरला हेच चालतं, फक्त थंडीच्या जागी तहान. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी, पाणी तोडतो, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने, पानं मलूल होऊन वळायला लागली, थोडी गळाली की ताण बसला म्हणतो, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत बाग पांढरी होते आणि वास रस्त्यापर्यंत. लिंबूवर्गातल्या झाडांत थंडी आणि पाण्याची टंचाई या दोन्हींमुळे पानांत एफटी नावाच्या जनुकाचं काम वाढतं, त्याचं प्रथिन देठातून कोंबापर्यंत जातं आणि तिथं पानाऐवजी फूल कर असा निरोप देतं. गार मुलखात हे काम थंडी एकटी करते, आमच्याकडे ती अपुरी पडते म्हणून वरून तहान जोडावी लागते. आणि जमीन फारच भारी असेल, ओल सुटतच नसेल, तर पानं वळतच नाहीत आणि बहार फसतो. जी काळी जमीन करंटला चालून गेली असती तीच संत्र्याला इथं नडते.

भाची तरी हट्टानं म्हणाली की येताना बॅगेत कटिंग घालून आणते. मी सरळ नको म्हटलं. आपल्याकडे 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवान्याशिवाय झाडाची काडी आणता येत नाही, आणि करंटचाच इतिहास पाहिला तर ते का हे कळतं. पाइनच्या झाडावर तांबेरा नावाचा एक बुरशीचा रोग पडतो, गव्हाच्या तांबेऱ्याचा दूरचा नातेवाईक, त्याला जगायला दोन घरं लागतात, अर्धं आयुष्य पाच-पाच सुयांचे झुबके असणाऱ्या पाइनवर आणि अर्धं करंटवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या नर्सरीत वाढवलेली पाइनची रोपं अमेरिकेनं मागवली आणि त्यांच्यासोबत हा पाहुणा आला. मग लाकडाचा धंदा वाचवायला सरकारनं करंट लावायलाच बंदी घातली, जंगलातली झुडपं माणसं लावून उपटली, आणि देशपातळीवरची बंदी 1966 पर्यंत राहिली, काही राज्यांत त्याच्याही पुढे. रोग आला पाइनच्या रोपांवरून आणि मार खाल्ला करंटनं.

मग बांधावर काय लावलं? करवंद. इंग्रजांनी आपल्या करवंदाला बंगाल करंट असं नाव दिलं होतं. नातं काही नाही, करवंद कण्हेर-रुईच्या कुळातलं, तोडलं की चीक निघतो. पण वसंतात पांढरी नळीदार फुलं, चमेलीच्या जवळ जाणारा वास, काळीभोर फळं आणि वर गुराला अडवणारे काटे, जे भाचीच्या करंटला नाहीत. थंडीच्या तासांची याला गरजच नाही. फक्त बी ताजं पाहिजे, वाळवून ठेवलं की उगवण लवकर मरते, म्हणून मे-जूनमध्ये फळं खाल्ली की लगेच बी धुऊन पिशव्यांत टाकायचं. आम्ही कुंपणासाठी तीन-तीन फुटांवर लावलीत, पहिलं वर्ष शेळ्यांपासून जपलं. लवंगेचा वास मात्र नाही येणार, तो पाहिजे तर लवंगच, आणि ती तर आपल्या जांभळाच्याच कुळातल्या झाडाची न उमललेली कळी.

आत्ता हे लिहितोय तेव्हा भाचीकडे उणे दहा आहे आणि तिचं झुडूप बर्फाखाली काड्या होऊन उभं आहे. इकडे बाबा दोन दिवस बागेत पानं चिमटीत धरून पाहतायत. मघाशी येऊन म्हणाले, "ताण बसला. उद्या मोटर लावाची हाय, लाइट रातच्या बाराले येते, जागा राय."