4 कोटी अंकांची मूळ संख्या आली कुठून

2024 च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या म्हणजे 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1. अंक किती, तर 4,10,24,320. बोरिवली-चर्चगेट जाऊन येऊन रोजचे 2 तास धरले आणि सेकंदाला एक अंक वाचत बसलं तरी साडेपंधरा वर्षं लागतील. नववीतली माझी भाची म्हणाली, मामा, पण एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही हे तपासलं कसं? प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर फार जुनं आहे.

आधी लोकांना वाटायचं की घात मूळ असला की 2 च्या घातातून 1 वजा केल्यावर मूळ संख्याच येणार. 3, 7, 31, 127 सगळं जमतं, पण घात 11 असला की गडबड होते, 2047 म्हणजे 23 गुणिले 89. मग 1644 मध्ये मेरसेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने यादीच दिली की 257 पर्यंत कुठले घात चालतात. त्या काळात एवढं तपासणं शक्यच नव्हतं, त्यामुळे यादीत 67 आणि 257 चुकीचे आले आणि 61, 89, 107 राहून गेले. तरी नाव त्याचंच लागलं, आणि मला ते योग्य वाटतं कारण त्या यादीने पुढची अडीचशे-तीनशे वर्षं लोकांना कामाला लावलं.

67 व्या घाताची गोष्ट माझी सगळ्यात आवडती. 1876 मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ही संख्या मूळ नाही, पण अवयव मात्र कोणालाच माहीत नव्हते! ते 1903 मध्ये अमेरिकेत कोल या गणितज्ञांनी दिले, 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287, आणि असं सांगतात की सभेत त्यांनी एक शब्द न बोलता फळ्यावर नुसता गुणाकार करून दाखवला.

अवयव न शोधता कसं कळतं, तर ल्यूकाच्या पद्धतीने, जी पुढे लेमर या अमेरिकन गणितज्ञाने सोपी केली. 4 पासून सुरू करायचं, वर्ग करून 2 वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, आणि हे घातापेक्षा 2 ने कमी वेळा करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. म्हणूनच रेकॉर्ड बहुतेक वेळा याच प्रकारच्या संख्यांचा असतो, कारण एवढी सरळ चाचणी बाकीच्या बहुतेक संख्यांना नाही. ल्यूकाने याच विचाराने सिद्ध केलेली 127 व्या घाताची 39 अंकी संख्या 1951 पर्यंत सगळ्यात मोठी होती. मग कॉम्प्युटर आले, आणि 1996 पासून जगभरातले लोक घरच्या मशीनवर अशाच संख्या शोधतात. 2024 चं काम ग्राफिक्स कार्डांवर झालं, आधी एका वेगळ्या चाचणीने संख्या बहुधा मूळ आहे असं कळलं, पण शेवटचा शिक्का याच चाचणीने बसला.

भाचीने वहीत 127 साठी, म्हणजे 2 च्या 7 व्या घातातून 1 वजा करून येणाऱ्या संख्येसाठी, करून पाहिलं. 4, मग 14, 67, 42, 111, आणि पाचव्या वेळी शून्य.