वणवा : विझवावा की जळू द्यावा?

जंगलातली आग माणसाने विझवावी की निसर्गावर सोडावी, हा वनव्यवस्थापनातला जुना वाद आहे. सगळ्या जंगलांना एकच उत्तर लावले की घात होतो, आणि अमेरिकेने तो दीर्घकाळ अनुभवला.

१९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो, मोंटाना आणि आसपासच्या भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. ८० हून अधिक माणसे दगावली. त्यांतले बहुतेक आग विझवायला गेलेले होते. त्या धसक्याने तिथल्या वनसेवेने प्रत्येक आगीशी लढायचे ठरवले. १९३५ मध्ये तर नियमच झाला : आज दिसलेली आग उद्या सकाळी १० पर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे.

पण तिथल्या पाँडेरोसा पाइन या सूचिपर्णी झाडाच्या रानांत दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरून जात असे. ती थांबली तसा पालापाचोळा आणि वाळके लाकूड साचत गेले, मोठ्या झाडांखाली कोवळ्या झाडांची दाटी झाली आणि आगीला शेंड्यापर्यंत चढायला शिडीच मिळाली. कॅलिफोर्नियातल्या महाकाय सेकोया वृक्षाच्या रानांत रोपेच उगवेनाशी झाली. त्याची बंद फळे आगीच्या धगीने उघडतात आणि बी रुजायला पाचोळा जळून मोकळी झालेली माती लागते. म्हणून १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने धोरण बदलले आणि विजेने लागलेल्या काही आगी नजरेखाली जळू दिल्या.

यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानात १९८८ साली या धोरणाचा कस लागला. उद्यानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आगीच्या कक्षेत आला. हजारो माणसे झुंजली, तरी आग खरी दबली ती सप्टेंबरच्या हिमवर्षावाने. पुढे त्याच राखेतून लॉजपोल पाइनची दाट रोपे उगवली.

तरीही ‘निसर्ग बघून घेईल’ हे म्हणणे अपुरे आहे. सदाहरित वर्षावनांतल्या झाडांची साल पातळ, त्यांना आगीची सवयच नसते. पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, जमीन पेटली तर आतल्या आत महिनोन् महिने धुमसते. शिवाय अनेक प्रदेशांत बहुतेक आगी माणसामुळेच लागतात. त्यांना नैसर्गिक म्हणणे ही जबाबदारी झटकणे आहे. आगीवर जगणारा सेकोयाही आता सुरक्षित नाही : दुष्काळ आणि साचलेल्या इंधनामुळे २०२० च्या एकाच वणव्यात हजारो जुने वृक्ष मेले.

म्हणून योग्य हवामानात, जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे) आखून मुद्दाम लावलेली नियंत्रित आग महत्त्वाची ठरते. ऑस्ट्रेलियातले आदिवासी हजारो वर्षे तुकड्यातुकड्याने रान जाळत आले आहेत. जोखीम इथेही आहे : २००० साली न्यू मेक्सिकोत अशी एक आग हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोस गावातल्या शेकडो कुटुंबांची घरे जळाली.