जुन्या चित्रांची पुनर्रचना

टाकून दिलेले, न विकले गेलेले किंवा अर्धवट राहिलेले चित्र हाताशी धरून त्यातूनच नवी कलाकृती घडविण्याची पद्धती. काटकसरीसाठी जुन्या कॅनव्हासवर नवे चित्र काढणे हे फार पूर्वीपासून चालत आले आहे. पाब्लो पिकासोच्या ‘द ओल्ड गिटारिस्ट’ (१९०३–०४) या चित्राखाली क्ष-किरणांत एक स्त्री दिसते, ती त्यातलीच. पुनर्रचनेत मात्र जुने चित्र झाकून चालत नाही, ते डोकावत राहावे लागते. डॅनिश चित्रकार आस्गर योर्न जुन्या बाजारातली अनामिक चित्रे विकत घेऊन त्यांवर रंगवी. अशी चित्रे त्याने १९५९ मध्ये पॅरिसला मांडली. १९६२ च्या एका चित्रात तर दोरी हाती धरलेल्या मुलीला त्याने मिशाच काढल्या. मूळ चित्र सुमार असते म्हणून ही गंमत साधते. चांगल्या चित्राशी असे वागणे म्हणजे नासधूस.

नागपुरात हे काही अगदीच परके नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रंग उडाला म्हणून कुणी टाकत नाही, नवा रंग चढवतात. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची अभ्यासचित्रे, घर बदलताना निघालेल्या तसबिरी, दुकानांच्या हाती रंगवलेल्या पाट्या हे सहज मिळणारे साहित्य. कबाडी त्यात मोल धरतो ते चौकटीच्या लाकडाचे.

खरी अडचण हवामानाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा कॅनव्हास कोरडा पडून ताणतो. जुलैत ओल धरून सैलावतो. जुन्या तैलरंगाला या ओढाताणीत भेगा पडतात, आणि वरचा नवा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. गुळगुळीत तैलरंगावर ॲक्रिलिक तर मुळातच नीट धरत नाही. म्हणून सैल कॅनव्हास आधी प्लायवर चिकटवावा, पृष्ठभाग ओला ठेवूनच पॉलिश पेपरने घासावा (जुन्या पांढऱ्या रंगात शिसे असू शकते, त्याची धूळ विषारी) आणि नवे कामही तैलरंगातच करावे.

कॅनव्हास विकत घेतला म्हणजे चित्रावरचे सगळे हक्क मिळाले असे नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कलम ५७ प्रमाणे प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीस चित्रकार हरकत घेऊ शकतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला, तो याच कलमाच्या आधारे. चित्रकार हयात व माहितीतला असेल, तर त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी.